एकोणीस नंबरचा डबा

५ जानेवारी

दादा,

माझं अक्षर ओळखून तू पाकीट न फोडताच परत पाठवतोस, म्हणून या वेळी पत्ता मावशींकडून लिहून घेतलाय. आपली मावशी नव्हे रे. बाबांना अंघोळ घालायला सकाळी येतात त्या. त्यांचं अक्षर माझ्यापेक्षा सुरेख आहे, त्यामुळे पोस्टमनचीही सोय झाली.

आधी महत्त्वाचं सांगते, म्हणजे पुढचं वाचलं नाहीस तरी चालेल. बाबांचं हृदय थकलंय. डॉक्टर म्हणाले, तीन महिने मिळाले तर खूप झाले. तुला बोलवा असं ते तोंडाने म्हणणार नाहीत, मोडतील पण वाकणार नाहीत. पण जिन्यावर पाय वाजले की त्यांची मान वर होते आणि पाय दुसऱ्या मजल्यावर गेले की खाली जाते. हे मी रोज बघते. तू ये, एवढंच मागणं आहे.

आता त्यांचं नवीन खूळ. दिवाळखोर दुकानदाराने जुना माल काढावा तसे त्यांनी माळ्यावरून स्लाइडचे सगळे डबे काढायला लावलेत. एक्केचाळीस डबे, प्रत्येकात छत्तीस. म्हणाले, “कॉम्प्युटरवर घे सगळ्या. एकपासून क्रमाने. मधला एकही वगळायचा नाही.” प्रोजेक्टरचा दिवा केव्हाच गेला आणि तसला दिवा आता कुठे मिळत नाही. शिवाय त्यांना समोरचं दिसत नाही. डोळ्यांच्या मधोमध काळं झालंय, कडेकडेचं तेवढं दिसतं. टीव्हीवर मोठं करून लावलं तर मान वाकडी करून थोडं बघता येईल, असा त्यांचा हिशोब.

मग मी कॅमेऱ्याला लावायची एक नळी आणली. लेन्सच्या तोंडावर आट्यांनी बसते, पुढच्या टोकाला एक खाच असते, तिच्यात स्लाइड सरकवायची. मागे दुधी काच, काचेमागे दिवा. फुंकणीने धूळ उडवायची, फोकस बघायचा, क्लिक. आयुष्यभर दवाखान्याच्या लॅबमध्ये लोकांच्या रक्ताच्या स्लाइड बघितल्या, आता मुदतीआधीच निवृत्त होऊन घरच्या. स्लाइड काही सुटत नाही मला!

एकच काळजी घ्यायची, चमकती बाजू लेन्सकडे आणि मंद बाजू दिव्याकडे. नाहीतर सगळं आरशातल्यासारखं उलटं येतं. अर्थात बाबांच्या स्लाइडला ही भीती नाही. तुला आठवत असेलच. रीळ धुऊन आलं की ते स्वतः पट्टी कापायचे, पांढऱ्या पुठ्ठ्याच्या चौकटीत एकेक बसवायचे आणि चमकत्या बाजूला डाव्या कोपऱ्यात खाली लाल ठिपका चिकटवायचे. ठिपका आपल्याकडे, अंगठ्याखाली धरून ट्रेमध्ये टाकली की पडद्यावर सुलटीच येणार. नकाशे काढणाऱ्या माणसाची शिस्त! ‘बाबांची स्लाइड उलटी लागत नाही’ हे आपल्या घरात सूर्य पूर्वेला उगवतो त्याच चालीवर म्हणायचे. ट्रे कोण भरायचं ते आता आठवत नाही. बहुतेक बाबाच.

सहा डबे झाले. तू आहेस, मी आहे, दोघांच्या नाकाला शेंबूड आहे. टिकली अजून जन्मायची आहे, ती नऊ नंबरच्या डब्यात येईल. ती आली आणि मी धाकटीची मधली झाले.

फोन उचलत नसशील तर दोन ओळी लिही.

तुझी,
मधली


१७ जानेवारी

दादा,

पाकीट परत आलं नाही. म्हणजे फोडलंस. एवढ्यावरही मी खूश आहे, बघ किती कमी लागतं मला.

बाबा रोज दुपारी माझ्या टेबलाजवळ खुर्ची टाकून बसतात. क्लिक झालं की विचारतात, “कोण आहे?” मी सांगते. आई आहे, कडेवर टिकली आहे. दादा आहे, गुडघा फुटलाय. मग ते पुढचं सांगतात, फोटोत नसलेलंही. आईच्या हातात पिशवी होती, ती फोटोसाठी खाली ठेवायला लावली. दादा त्या आधी रडत होता. डोळे गेले पण डबे न् डबे पाठ आहेत.

वयाप्रमाणे डावीकडून उभं करायची त्यांची ती पद्धत प्रत्येक फोटोत आहे. डावीकडे तू, मग मी, उजव्या टोकाला टिकली. तुझी आणि माझी उंची तेव्हा एकच होती आणि आईने एकाच थानातून दोघांना टोपीवाले राखी कोट शिवले होते. टोप्या चढवल्या की पाठमोरे आपण दोघं ओळखू यायचो नाही. शेजारीण म्हणायची, “एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं.”

आता एक सांगते, हसू नकोस. प्रत्येक डबा सुरू करण्याआधी मी खाच रिकामी ठेवून एक फोटो घेते, नुसत्या दुधी काचेचा. रंग बरोबर येतात की नाही ते त्यावरून ठरवता येतं. नऊ नंबरच्या डब्याआधीच्या कोऱ्या फोटोत उजव्या कडेला एक फिकट डाग आला. केस असेल, धूळ असेल. काच पुसली, लेन्स पुसली. दहाला तो होताच, कडेपासून जरासा आत. अकराला आणखी आत. नळी सुटी करून धुतली, दिवा बदलला. कॅमेऱ्यातच काही असेल म्हणून दुकानात नेला. दुकानदाराने तिथे फोटो काढून बघितला, निघाला स्वच्छ पांढरा. माझ्याकडे त्याने ज्या नजरेने बघितलं, ती मी लॅबमध्ये पेशंटकडे बघायला वापरायचे.

मी डागाचा विषय सोडून दिला. पण काल मावशी टेबल पुसत होत्या, स्क्रीनवर कोरा फोटो होता. त्या म्हणाल्या, “ताई, ह्या पांढऱ्या फोटोत पोरगी पाठमोरी का उभी केलीय?” म्हटलं, “कुठे आहे पोरगी?” तर फडक्याचं टोक स्क्रीनवर टेकवून म्हणाल्या, “ही काय. टोपी घातलीय.” त्यांना आपल्या घरातलं काही माहीत नाही. टिकलीचं तर नावही मी त्यांच्यासमोर घेतलेलं नाही.

अठरा झाला. वीस आणि एकवीसही झाले. एकोणीस मागे ठेवलाय, त्याला बुरशी धरली असावी, सावकाश बघू. विसापासून फोटोत मी एकटी. तू वसतिगृहात आणि टिकली नाही. तरी बाबा मला मधेच उभी करायचे, दोन्ही बाजूंना एकेका माणसाची जागा सोडून. तेव्हा लक्षात आलं नव्हतं.

एकविसाच्या वेळी बाबांनी विचारलं, “टिकली कुठे आहे?” म्हटलं, “बाबा, हे नंतरचे फोटो आहेत.” ते म्हणाले, “माहीत आहे. कडेला बघ.” कडेला काही नव्हतं. मी तसं सांगितलं. ते हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. “एकोणीस झाला का?” एवढंच विचारलं.

मी हो म्हटलं. खोटं बोलले, काय करू? त्यांना त्या दिवसात परत कशाला न्यायचं?

ये रे.

मधली


२४ जानेवारी

दादा,

तुझं कार्ड आलं. तू घर कायमचं सोडल्यापासून बत्तीस वर्षांत पहिलं अक्षर, आणि तेही काय तर एकच ओळ. ‘एकोणीस नंबरचा डबा उघडलास का?’ खुशाली नाही, बाबांची चौकशी नाही. तुम्हा बापलेकांना एकच प्रश्न कसा सुचतो? मी तुला त्या डब्याबद्दल लिहिलेलं पत्र तर तू कार्ड टाकलंस तेव्हा वाटेतच असेल.

माझी पाचावर धारण बसली, खरं सांगते. पण उघडला. बुरशीबिरशी काही नव्हती.

पस्तीस स्लाइड बाजाराच्या, घराच्या. छत्तिसावी धक्क्याची. दोन्ही बाजूंना पाणी, मधून लांबलचक दगडी धक्का आणि त्यावर आपण तिघं पाठमोरे. बाबा मागून ओरडत होते, “चालत राहा, मागे वळू नका, फोटो हलतो.” दोन राखी कोट आणि एक छोटी लाल टोपी. त्या फोटोनंतर बाबा रीळ बदलायला पिशवीत वाकले आणि वर बघितलं तेव्हा धक्क्यावर दोनच राखी कोट होते.

पुढचं तुला सांगायला नको, तरी लिहिते. टिकलीचा हात कुणाच्या हातात होता? तू म्हणालास, “माझ्या नव्हता.” मी म्हणाले, “दादाच्या होता.” बाबांना आठवत नव्हतं. ते उजेड बघत होते, पोरं बघत नव्हते, असं आई नंतर कित्येकदा म्हणाली. तीन आठवड्यांनी रीळ आलं. रविवारी दुपारी पडदे ओढून, चादरीवर स्लाइड लावली. टिकली चादरीवर डाव्या टोकाला होती आणि तिचा हात डावीकडच्या कोटाच्या हातात होता. डावीकडे दादा, हे तर ठरलेलंच.

तू ओरडलास, “उलटी आहे! टिकली नेहमी उजवीकडे असते, स्लाइड उलटी आहे!” आणि बाबांनी तुला पहिली आणि शेवटची थोबाडीत मारली. “चूक झाली तर चूक म्हण. वर माझ्या स्लाइडला नावं ठेवू नकोस.” जूनमध्ये तुझी ट्रंक भरली. आईने नावाचे तुकडे तुझ्या शर्टांना शिवले, पण तुझ्याशी बोलली नाही.

आता नीट वाच. आज ती स्लाइड मी ठिपका बघून खाचेत घातली, फोटो काढला आणि मोठा केला. चादरीवर कधी दिसलं नसतं असं दिसलं. धक्क्यावरच्या खांबाला एक पाटी आहे, नखाएवढी. मोठी करत गेले. अक्षरं आली. ‘पुढे जाऊ नये.’ उलटी, दादा! अक्षरं उलटी आहेत! मग चमक बघितली. ठिपका मंद बाजूला चिकटवलाय. बाबांच्या हातून चूक झाली होती. त्या धक्क्यातून सावरलेले नव्हते, हात थरथरत असतील, लागला ठिपका चुकीच्या बाजूला. तुझं खरं होतं. तू नव्हतास.

मी हे बाबांना सांगणार आहे. दोन दिवस थांबते, त्यांची छाती कफाने भरली आहे. पण आता तुला यायला काय हरकत आहे?

तुझी,
मधली


१० फेब्रुवारी

दादा,

दुसरं कार्ड मिळालं. ‘उलटी होती हे मला चव्वेचाळीस वर्षं माहीत आहे. उलटी कशी झाली ते लिही. बाबांकडून नको, तुझ्याकडून.’

कशी म्हणजे काय? लिहिलं ना, ठिपका चुकला. माणूस चुकत नाही का? तू तिकडे जहाजांची इंजिनं दुरुस्त करतोस, एखादा स्क्रू तुझ्या हातून उलटा बसला नसेल का कधी? आजारी बापाला भेटायला यायचं तर अटी कसल्या घालतोस? मी बत्तीस वर्षं त्यांची औषधं, पथ्यं, चिडचिड सांभाळते आहे, मी कधी अट घातली नाही.

रागाने लिहिते आहे. पत्र फाडून पुन्हा लिहिणार होते, पण राहू दे.

बाबांना अजून सांगितलेलं नाही. रोज ठरवते. ते रोज विचारतात, “एकोणीस झाला का?” एकदा हो म्हटल्यावर पुन्हा पुन्हा कशाला विचारायचं? मी म्हणते, “झाला.” ते म्हणतात, “बरं,” आणि दुसऱ्या दिवशी परत विचारतात.

डाग आता मधोमध आलाय. सगळे कोरे फोटो मी काल ओळीने लावून बघितले, नऊपासून अडतीसपर्यंत. लॅबमध्ये जसं बघायचे तसंच, भावना बाजूला ठेवून. उजव्या कडेपासून एकेक पाऊल आत. मावशी म्हणतात तशी ती टोपी आहे की नाही, मी सांगणार नाही. डाग आहे म्हणेन. पण मंद प्रकाशातल्या पेशी मोजून माझे डोळे तयार झालेत आणि त्या डागाचा एक हात वर आहे. लहान पोर मोठ्याचा हात धरायला वर करतं तसा.

आणि माझा उजवा तळहात चार दिवस ओला आहे. पुसला की पाच मिनिटांनी पुन्हा ओला. डावा कोरडा ठणठणीत. मधुमेह तपासून घेतला, थायरॉइड तपासलं, माझ्याच जुन्या लॅबमध्ये. पोरी म्हणाल्या, “बाई, सगळं नॉर्मल आहे, दगदग कमी करा.” सकाळी चहाचा कप बाबांच्या हातात दिला तर त्यांनी माझं बोट धरून ठेवलं. म्हणाले, “पाण्यात होतीस का?”

मी भीत नाही. हे वाचून तू म्हणशील, चोराच्या मनात चांदणं. म्हण.

मधली


१३ फेब्रुवारी

दादा,

मागचं पत्र तुला पोचायच्या आतच हे लिहिते आहे. दोन्ही एकदम मिळाली तर आधी हे वाच. मागचं नाही वाचलंस तरी चालेल.

आज दुपारी बाबांनी कॅमेऱ्याचा दिवा बंद करायला सांगितला. म्हणाले, “एकोणीस आण.” आणला. त्यांनी झाकण काढून बोटांनी मोजत मोजत शेवटची स्लाइड ओढली. मग अंगठा चौकटीवरून फिरवला. नकाशे काढणाऱ्याचा अंगठा आहे, कागदावरची रेघसुद्धा त्याला लागते.

“इथे ठिपका आहे,” म्हणाले. मग स्लाइड पालथी केली आणि खालच्या कोपऱ्यात अंगठा थांबवला. “आणि इथे काय आहे?”

मला दिसत होतं. पुठ्ठ्याचा पापुद्रा गोल निघालाय, ठिपक्याएवढाच. मी म्हटलं, “पापुद्रा निघालाय.”

“कशाने?”

दमट हवेने, असं तोंडावर आलं होतं. डिंक सुकला असेल, हेही आलं होतं. चव्वेचाळीस वर्षांत अशी पन्नास उत्तरं मी तयार ठेवलीत, कुणी विचारलं नाही म्हणून वापरली नाहीत एवढंच. पण हात इतका ओला होता की तो मी पदराला पुसत होते आणि पुसता पुसता म्हणाले, “मी काढला, बाबा.”

त्यांनी नुसती मान हलवली. म्हणाले, “ट्रे तू भरायचीस.”

हो. ट्रे मीच भरायचे. तुला माहीत होतं, त्यांना माहीत होतं. पहिल्या पत्रात ‘बहुतेक बाबाच’ लिहिलं, ते तू वाचलंस तेव्हा तुला काय वाटलं असेल! रविवारच्या आधी शनिवारी बाबा कामावर होते, आई झोपली होती. डबा माझ्या ताब्यात. मी छत्तिसावी खिडकीशी धरली आणि बघितलं. उजवीकडचा कोट. उजवीकडचा म्हणजे मी. तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि ‘दादाच्या हातात होता’ हे आधीच बोलून चुकले होते. नखाने ठिपका उचलला, थुंकी लावून दुसऱ्या बाजूला चिकटवला. एवढ्याशा कामाला अर्धं मिनिट लागलं असेल.

बाबा म्हणाले, “आई गेली त्या वर्षी मला कळलं. डबे पुसत होतो, बोटाला लागलं.”

बारा वर्षं! दादा, बारा वर्षं त्यांना माहीत होतं. मी विचारलं, “मग बोलला का नाहीत?” मला राग आला. हो, मलाच! काय तोंड आहे बघ माझं. ते म्हणाले, “एक पाण्यात गेली. एकाला मी घालवला. तुला विचारलं असतं तर तूही उठून गेली असतीस. मग मला चहा कोणी दिला असता?” आणि मग म्हणाले, “मी लबाड माणूस आहे. ठिपका तू हलवलास, पण थोबाडीत मी मारली. तो खरं सांगत होता आणि मला माझ्या स्लाइडची पडली होती.”

पुढे म्हणाले, “तोंडाने विचारता येईना, म्हणून डबे काढायला लावले. क्रमाने गेलीस की एकोणीसला येशीलच. तर तू वीसवर गेलीस.”

दादा, तू म्हणालास कशी झाली ते लिही. पण त्या आधीचंही मला लिहायचंय. ते तूही बघितलेलं नाहीस. तू आपल्या बाजूने पाणी बघत चालला होतास.

तिचा हात माझ्या उजव्या हातात होता. क्लिक ऐकू आलं. बाबा म्हणाले, “थांबू नका, अजून एक काढतो. वळू नका.” तिचा हात ओला होता. नाक पुसलं होतं तिने हाताने. मला किळस आली. मी हात सोडवला, तिने पुन्हा धरला, मी झटकला. मग तळवा कोटाला पुसला आणि परत खाली करून उघडा धरला, धर म्हणून. कुणी धरला नाही. मी वळून बघितलं नाही. वळू नका म्हणाले होते ना! मी उघडा हात धरून चालत राहिले. दहा पावलं, वीस पावलं. आवाजही आला नाही, धक्क्यावर लाटा आपटतच होत्या. मला वाटलं ती रुसली, मागे राहिली. वाटलं म्हणते, पण काहीतरी बिनसलंय हे मला तेव्हाच कळलं होतं आणि तरी मी वळले नाही. बाबांची किंकाळी ऐकली तेव्हा वळले.

हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलं नाही. आईलाही नाही. आई शेवटच्या आजारात माझा हात धरून म्हणाली होती, “तू होतीस म्हणून जगले.” तेव्हाही नाही.

आज बाबांना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकलं. म्हणाले, “वळू नका असं मीच म्हटलं होतं.” मग माझ्यावर हात उगारतील, नाहीतर डोक्यावरून फिरवतील असं वाटत होतं. त्यांनी दोन्ही केलं नाही. म्हणाले, “त्याला लिही. होतं तसं लिही. मला वाचून दाखवू नकोस, नाहीतर बदलशील.”

म्हणून न वाचता पाठवते आहे. शुद्धलेखन बघू नकोस.

सोबत ती स्लाइड आहे. तीच, मूळची. कॉम्प्युटरवरची मी पुसून टाकली, आता जगात ही एकच आहे आणि ती तुझी आहे. ठिपका काढलाय. चमकती बाजू तुझ्याकडे धरून कुठल्याही खिडकीशी बघ. पाटी वाचता आली की समज, बरोबर धरलीस.

वीसपासून फोटोत कडेला काही नाही असं मी सांगत आले. बाबा आजही म्हणाले, “आहे.” मी वाद घातला नाही.

डॉक्टर काल येऊन गेले. बाबांच्या पायांवर सूज चढली आहे. ते तीन महिन्यांची भाषा आता करत नाहीत, आठवड्यांत बोलतात. पत्राला सहा दिवस लागतात आणि उत्तराला आणखी सहा. तेव्हा उत्तर लिहू नकोस, तो वेळ घालवू नकोस. तुम्हा दोघांची भेट चुकली तर ते माझं तिसरं पाप होईल आणि ते मला झेपायचं नाही.

माझं तोंड बघायचं नसेल तर स्टेशनवरून मावशींना फोन कर, नंबर पाकिटाच्या मागे आहे. मी त्या आधी घराबाहेर पडेन. बाबांच्या गोळ्या कपाटाच्या वरच्या खणात आहेत, सकाळच्या पांढऱ्या, रात्रीची पिवळी अर्धी. कॉफी त्यांना देऊ नकोस, मागतील. आणि बघायचं असेल तर मी घरातच आहे. काय बोलायचं, काय करायचं ते कर, मी अडवणार नाही.

तू नव्हतास, दादा. मी होते.

ये.